चॅरिटी शॉपमधली खरेदी: गोव्याच्या दमट हवेत काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

म्हापसेकर

मंडळी, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था, वृद्धाश्रम, चर्चचे मदतनिधी यांची जुन्या वस्तूंची दुकानं आणि अधूनमधून लागणारे सेल गोव्यात बऱ्यापैकी आहेत. हणजुणेचा बुधवारचा बाजार किंवा म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वेगळा. तिथे विकणारा व्यापारी असतो, त्याला मालाची किंमत ठाऊक असते. चॅरिटी शॉपमध्ये माल फुकट आलेला, किंमत लावणारे स्वयंसेवक. त्यामुळे कधी साध्या काचेच्या बरणीला भलताच भाव असतो आणि शेजारी जाड बुडाचं चांगलं पातेलं कवडीमोलाने पडलेलं असतं. फायदा होतो तो या फरकातच.

वेळ कोणती साधावी? बार्देशात नि पेडण्याच्या किनाऱ्यावर हिवाळाभर भाड्याने राहणारे परदेशी मार्च-एप्रिलमध्ये बिऱ्हाड आवरतात. तवे, सुऱ्या, योगा मॅट, पुस्तकं, पंखे, लहान मुलांच्या सायकली तेव्हा ढिगाने येतात. दुसरा हंगाम चतुर्थीच्या आधीचा. घरं साफ होतात, माळ्यावरचं तांब्या-पितळेचं आणि लाकडी सामान बाहेर पडतं.

आता मुद्द्याचं. वस्तू किती वापरली ते पाहू नका, तिने किती पावसाळे कुठल्या खोलीत काढले ते पाहा. इथे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की न वापरलेली वस्तूच आधी मरते. ट्रेकिंगचे बूट हे ठळक उदाहरण. वरून कोरे करकरीत दिसतात, पण तळव्याच्या मधला थर पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) असेल तर हवेतल्या बाष्पाने त्याचं विघटन होतं. पहिल्या तासाभरातच तळवा चुऱ्यासारखा गळून पडतो. दुकानात अंगठ्याचं नख त्या मधल्या थरात दाबा. खळगा पडून तसाच राहिला, बारीक भेगा दिसल्या किंवा पावडर सुटली तर बूट ठेवून द्या. ईव्हीए फोमचा तळवा (हलका, स्पंजासारखा) या रोगाला बळी पडत नाही. त्यात फार तर डिंक सुटतो आणि तो चांभार चिकटवून देतो.

हाच आजार रेनकोटांना, पाठीवरच्या सॅकना आणि नकली लेदरच्या पर्सना. आतली बाजू उलटून बोट फिरवा. चिकट लागलं किंवा पापुद्रे निघाले तर त्यावर उपाय नाही. धुवून, पावडर लावून काही होत नाही, उलट सगळं कपाट चिकट होतं.

फोंड्याची सुगरण

छान धागा, म्हापसेकर काका. भांड्यांवर मी लिहिते.

खिशात एक लहान चुंबक ठेवायचं. त्याचे तीन उपयोग. इंडक्शनवर चालेल का हे बुडाला लावून कळतं, चिकटलं तर चालेल. पितळेच्या म्हणून ठेवलेल्या भांड्याला चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. आणि तिसरा उपयोग बिडाचा तवा ओळखायला, कारण काळा रंग दिलेलं ॲल्युमिनियम दुरून बिडासारखंच दिसतं.

स्टीलच्या बाबतीत एक गैरसमज पसरलेला आहे की चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील उत्तम. तसं नाही. ३०४ आणि २०२ या स्टीलच्या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही, पण २०२ हलक्या प्रतीचं, त्यात निकेल कमी, आणि आमसुलाचं किंवा मिठाचं पाणी राहिलं की त्यावर लवकर डाग पडतात. त्यामुळे कडेच्या दुमडीत आणि कानाच्या रिबिटीपाशी गंजाचे ठिपके शोधायचे. तिथे गंज नसेल तर भांडं बहुधा चांगलं.

बिडाचा तवा किंवा कढई मिळाली तर सोडू नका. आधी सपाट लादीवर ठेवून डुगडुगते का बघा. डुगडुगणारी गॅसवर चालते, काचेच्या शेगडीवर नाही. मग बोटाच्या पेराने टकटक करा. घुमणारा आवाज हवा, बद्द आवाज म्हणजे चीर. गंजाला घाबरू नका. व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम्मे, त्यात अर्धा ते एक तास बुडवायचं. रात्रभर ठेवू नका, आम्ल मग चांगल्या लोखंडालाही खातं आणि खड्डे पडतात. नारळाच्या काथ्याने घासून धुवायचं, लगेच आचेवर कोरडं करायचं. तेलाचा हात फिरवायचा आणि पुन्हा कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं, जणू तेल लावलंच नाही. धूर येईस्तोवर तापवायचं, गार करायचं. हे तीन-चार वेळा. तेल जास्त राहिलं की थर चिकट होतो आणि सगळे म्हणतात, तवाच खराब होता.

तांब्या-पितळेचं: कल्हई आहे का आत डोकावून पाहा. आतून पांढरट रुपेरी दिसायला हवं. मधेमधे तांबूस किंवा पिवळं दिसलं तर कल्हई गेली. अशा भांड्यात चिंच, आमसूल, ताक यातलं काहीही नको. कल्हईवाला मिळत असेल तरच घ्या, नाहीतर ते भांडं झाडं लावायला. घासायला बिंबलं (आंबट बिलिंबी) आणि मीठ यापेक्षा सरस काही नाही.

नॉनस्टिकला ओरखडा दिसला की सोडा. इनॅमलच्या भांड्याचा टवका आतून उडाला असेल तर सोडा, बाहेरून उडाला असेल तर चालतं. प्रेशर कुकर बूड फुगलेला असेल तर अजिबात नको. बूड सपाट असेल तर गास्केट, शिटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तिन्ही नवीन बसवायचे असं धरूनच भाव ठरवा. त्या कंपनीचे सुटे भाग बाजारात मिळतात का ते आधी विचारा. परदेशी कुकरला नेमकं तेच मिळत नाही.

खंड्या

+१. वाचनखूण साठवली.

कपड्यांवर कुणीतरी लिहा की. ढेकणांची भीती वाटते म्हणून त्या रॅककडे जायलाच नको वाटतं.

माडाची सावली

खंड्या, भीती रास्त आहे, पण ती गादी, उशी आणि सोफ्याबद्दल बाळगा. त्या तीन गोष्टी चॅरिटी शॉपमधून घेऊच नयेत. कपड्यांचा बंदोबस्त सोपा आहे. पिशवीत गाठ मारून घरी आणायचे, पिशवी थेट मशीनपाशी उघडायची, ६० अंशांवर धुवायचे. या तापमानाला ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. गरम पाणी न चालणारं लोकरी किंवा रेशमी असेल तर पिशवीतून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर, निदान चार दिवस. दुकानातच शिवणी, कॉलरची उलटी बाजू, खिशाचे कोपरे पाहा. शाईच्या टोकाने मारल्यासारखे काळे ठिपके दिसले तर तो ढेकणांचा पुरावा.

कपडा तपासायचा क्रम: काख, कॉलर, मांड्यांची शिवण, चेन, मग खालची किनार. काखेतला पिवळा डाग घामाचा आणि डिओडरंटचा असतो, जुना असेल तर जात नाही. नंतर कपडा उजेडासमोर धरा, कसरीने केलेली भोकं तेव्हाच दिसतात. लवचिक कापड असेल तर ताणून सोडा. पूर्ववत झालं नाही किंवा आत करकर आवाज आला तर त्यातला रबरी धागा तुटला आहे. दमट कपाटात तो लवकर जातो.

खरेदी कशाची करावी? लिनन आणि जाड सुती. परदेशी लोकांच्या ढिगात लिननचे शर्ट पुष्कळ येतात आणि नव्या लिननचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच. लेबल फाटलं असेल तर शिवणीतला एक धागा काढून घरी जाळून पाहा. सुती-लिनन कागदासारखं जळतं आणि भुरभुरीत राख राहते. लोकर-रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. (दुकानात जाळू नका, हात जोडते.)

तारवटी

ढेकणांसाठी काळ्या पिशवीत घालून एप्रिलच्या उन्हात ठेवलं की काम होतं असं इकडे सगळे सांगतात. मशीन नसलेल्यांनी तसं करावं का?

माडाची सावली

भरवशाचं नाही. पिशवीची वरची बाजू पोळते, पण मधल्या कपड्यापर्यंत ५० अंश पोचेलच असं नाही. ढेकूण सरकून थंड बाजूला जातो. मशीन नसेल तर बादलीत कढत पाणी ओतून सुती कपडे अर्धा तास बुडवून ठेवा, ते उन्हापेक्षा खात्रीचं.

वायरमन_डिचोली

विजेच्या सामानात सगळ्यात मोठा नफा आहे आणि सगळ्यात मोठा धोकाही, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, पाठीमागची पट्टी वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल (बहुतेक चार्जर, लॅपटॉप) तर निर्धास्त घ्या. २२०-२४० असेल, म्हणजे युरोप किंवा इंग्लंडचा माल, तरीही आपल्याकडे चालतो. फक्त १२० लिहिलेलं असेल तर तो अमेरिकेचा माल. हेअर ड्रायर, टोस्टर, कॉफी मशीन असं तापणारं यंत्र १२० चं असेल आणि २३० वर लावलं तर जवळजवळ पावणेचारपट वीज ओढतं आणि काही सेकंदांत जळतं. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतं, पण हजार वॅटचा ट्रान्सफॉर्मर जड, महाग आणि जागा अडवणारा. स्वस्तातलं यंत्र महागात पडतं.

दुसरी, आणि ही फारच कमी लोकांना माहीत असते. इंग्लंडच्या चौकोनी तीन पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. 'बंद आहे' अशी चिठ्ठी लावून ठेवलेल्या वस्तूंत कित्येकदा यंत्र ठणठणीत असतं आणि फक्त फ्यूज उडालेला असतो. प्लगच्या पिनांकडच्या बाजूला छोटं झाकण असतं, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटून फ्यूज काढा, मल्टिमीटरच्या बझरवर तपासा. सोबत ३ अँपिअर आणि १३ अँपिअरचे दोन फ्यूज बाळगले तर तिथेच लावून बघता येतं. जुन्यावर जो आकडा असेल तोच घालायचा. ३ च्या जागी १३ घालणं म्हणजे वायरीला आग लावायची तयारी. मात्र फ्यूज उगाच उडत नाही. नवीन घालताच तोही उडाला तर आत शॉर्ट आहे, विषय संपला.

तिसरी, इंग्लंडची किटली. ३००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर. ती ॲडॉप्टर लावून आपल्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर चालवायची नाही, सॉकेट वितळतं. १६ अँपिअरचा प्लग लावा, जाड सॉकेटवर चालवा. वायर जोडताना तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आपल्या जुन्या वायरिंगमधल्या लाल, काळी, हिरवी यांची ही नवी भावंडं.

पंखे: वीज न लावता पातं हाताने फिरवा. सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. वीज लावल्यावर गुणगुणतो पण फिरत नाही, आणि काठीने ढकलल्यावर चालू होतो, असं असेल तर कपॅसिटर गेला आहे. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, जुन्यावरचा आकडा पाहूनच घ्या. अगदी किरकोळ खर्च. पण हाताने फिरवताना खरखर किंवा अडखळणं जाणवलं तर बेअरिंग. तोही बदलता येतो, पण मजुरी धरून हिशोब करा.

मिक्सर: जार उलटा करून खाली पाहा. काळं तेलकट पाणी ओघळलेलं असेल तर ब्लेडचं बुश गेलं. खालचा कपलर झिजलेला असेल तर काळजी नको, तो स्वस्त आहे. रिकामा अर्धा मिनिट चालवा. आत बारीक निळ्या ठिणग्या चालतात. पूर्ण चक्रभर नारिंगी ठिणग्या आणि जळका वास म्हणजे आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) गेलं. ते घेऊ नका.

नवी पर्वरीकर

वायरमनबाब, दुकानात सॉकेटच नसतं बऱ्याचदा. मग?

वायरमन_डिचोली

बाय, मग भंगाराच्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, किंवा 'घरी चालवून बघते, बंद निघालं तर उद्या परत आणते' असं बोलून घ्यायचं. बहुतेक ठिकाणी ऐकतात. मल्टिमीटर असेल तर प्लगच्या दोन पिनांत रेझिस्टन्स मोजा. तापणाऱ्या यंत्रात (स्विच चालू ठेवून) दोन आकडी ओहम दिसले तर कॉइल शाबूत. १००० वॅटच्या इस्त्रीला साधारण ५३ ओहम यायला हवेत. अनंत दाखवलं तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा वायर यातलं काहीतरी तुटलंय. आणि अर्थच्या पिनेपासून फेजच्या पिनेपर्यंत काहीही दाखवता कामा नये. दाखवलं तर शॉक लागणार.

भाटकार

लाकडी सामानावर कुणी बोललं नाही अजून. इथे खरा खजिना आहे आणि खरी फसगतही.

शिसवी, सागवान, फणस, मट्टी अशी जुनी खुर्ची-टेबलं येतात. उलटं करून पाहिल्याशिवाय बोलणी करू नका. पायांची टोकं पावसाळ्यात ओल्या जमिनीवर असतात, वाळवी तिथूनच चढते. टोकाला स्क्रूड्रायव्हर हलकेच दाबा. आत घुसला तर पाय पोकळ आहे. मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर वाळवी येऊन गेली आहे किंवा अजून आहे.

दुसरा शत्रू लाकूड पोखरणारा किडा. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसतात. प्रश्न एवढाच की किडा जिवंत आहे का. खाली पांढरा कागद धरून टकटक करा. पिठासारखा फिकट भुसा पडला तर जिवंत. भोकांच्या कडा काळपट आणि भुसा नाही, तर जुनी गोष्ट. जिवंत असेल तरी वस्तू मोलाची असल्यास उपाय आहे: एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन-तीन वेळा ब्रशने लावायची, प्रत्येक वेळी मधे वाळू द्यायचं. पॉलिशवरून लावली तर शून्य उपयोग, आधी पॉलिश काढावं लागतं. रॉकेल चोळण्याचा जुना उपाय वरवरचा, आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच करा, पावसात लाकूड वाळत नाही.

वेताने विणलेली खुर्ची सैल पडली असेल आणि वेत तुटलेला नसेल तर विणायला देऊ नका. खुर्ची उलटी करा, खालच्या बाजूने गरम पाण्याचा ओला कपडा अर्धा तास ठेवा, मग वाऱ्यावर सुकवा. वेत आक्रसून ताणला जातो. वरच्या चकचकीत बाजूने पाणी मुरत नाही म्हणून खालून. वेत तुटला असेल तर आधी चौकटीची भोकं बघा. दोन भोकांमधलं लाकूड फाटलं असेल तर नवीन विणकाम धरणार नाही.

आणि प्लायवूडचं, भुसा-फळीचं काही घेऊ नका. एका पावसाळ्यात फुगतं.

एक कायद्याची गोष्ट. कासवाच्या पाठीचे कंगवे, हस्तिदंती मूठ, प्रवाळाच्या शोभेच्या वस्तू जुन्या घरांतून येतात. आजीचं होतं म्हणून दुकानाने ठेवलेलं असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे सगळं बसतं. कितीही स्वस्त असो, हात लावू नका आणि दुकानदाराच्या कानावर घाला.

खंड्या

कॅमेऱ्याच्या लेन्स? किनाऱ्याकडच्या दुकानांत फार दिसतात.

म्हापसेकर

त्यात बुरशीच जास्त दिसते, खंड्या. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा काचेच्या आत दिसल्या तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत फरक पडत नाही, पण ती काचेवरचा लेप खाते आणि वाढते. घेतलीच तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात.

पुस्तकांचंही तेच. वास घ्या. कुबट वास जात नाही, खाण्याचा सोडा घालून ठेवल्याने कमी होतो इतकंच. कसर असेल तर पुस्तक पिशवीत बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडली तर पानांवर दव धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

नवी पर्वरीकर

घासाघीस करावी का? संकोच वाटतो.

फोंड्याची सुगरण

म्हापशाच्या बाजारातल्यासारखी नको. पैसा कुत्र्या-मांजरांच्या औषधाला किंवा म्हाताऱ्यांच्या जेवणाला जातो. दोष दाखवून भाव कमी मागणं यात मात्र गैर काही नाही.

तारवटी

मला नाही पटत. किंमत त्यांनी लावलेली, परवडली तर घ्यावी. दोष असेल तर घेऊ नये.

वायरमन_डिचोली

दोघांचंही बरोबर म्हणू या. तीन-चार वस्तू एकदम घेताना 'सगळ्याचे मिळून किती?' असं विचारलं की तेच कमी करतात, मागावं लागत नाही. नवा माल कुठल्या दिवशी मांडतात तेही विचारून ठेवा. आणि घरातलं तुटकं-फुटकं तिथे नेऊन टाकू नका. ते फेकायचा खर्च संस्थेवर पडतो.

हेल्मेट, लहान मुलांची कारसीट, गॅसचा रेग्युलेटर आणि गॅसची नळी, या चार गोष्टी कितीही चांगल्या दिसल्या तरी जुन्या घ्यायच्या नाहीत. हेल्मेट एकदा आपटलं की आतला थर्माकोल दबतो आणि बाहेरून कळत नाही. शेगडी जुनी चालते, नळी मात्र नवी.

माडाची सावली

शिलाई मशीन राहिलं. हाताचं किंवा पायाचं जुनं मशीन जाम असेल तर निराश होऊ नका, बहुतेकदा वाळलेलं तेल असतं. सगळ्या भोकांत रॉकेलचे थेंब, रात्रभर ठेवायचं, चाक पुढे-मागे हलवायचं, मोकळं झालं की रॉकेल पुसून मशीनचं तेल. घेण्याआधी बॉबिन केस आणि शटल जागेवर आहेत एवढं नक्की पाहा. नेमकं तेवढंच गायब असतं.

खंड्या

एक शेवटचं. चाकांची बॅग घ्यायची आहे, चेन नीट बसत नाही, मागे दात उघडेच राहतात. सोडून देऊ?

म्हापसेकर

दात शाबूत असतील तर सोडू नका. दोष स्लायडरचा (चेनवर सरकणारा तुकडा) असतो, झिजून त्याचं तोंड सैल होतं. स्लायडर चेनच्या उघड्या टोकाला आणा, पक्कडीने स्लायडरच्या मागच्या दोन्ही कडा एकेक करून हलकेच दाबा, चालवून बघा, लागलं तर पुन्हा किंचित. एकदम जोर लावला तर स्लायडर तुटतो. दात गळलेले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते, तो खर्च बॅगेपेक्षा जास्त. चाकांचं रबर नखाने खरवडून बघायला विसरू नका, तेही पॉलियुरेथेनच. चुरा निघाला तर चाकं स्क्रूने बसवलेली आहेत की रिबिटीने ते पाहा. स्क्रूची असतील तर बदलता येतात, रिबिटीची असतील तर बॅग परत रॅकवर.